सामाईक लेथ : नवशिक्याच्या हातात आधी काय द्यायचं, लाटणं की धारेचं चाक?

खटपट्या
नमस्कार मंडळी,
पुण्यात आम्ही काही जण मिळून एक सामाईक कार्यशाळा चालवतो. एका स्नेह्यांची शेड रिकामी पडून होती, ती मिळाली. करवती, रंधे, ड्रिल आपापल्या घरून आले. वर्गणी भरायची, किल्ली घ्यायची, काम करायचं. सुतारकामापुरतं छान चाललंय.
आता एका सदस्याने लाकूड कातायचा लेथ दिलाय, म्हणजे लाकूड गरगर फिरतं आणि त्याला हत्यार लावून गोल आकार काढायचा. पाऊण हॉर्सपॉवरची मोटर, पट्टा सरकवून बदलायचे पाच वेग (सगळ्यात कमी मिनिटाला ७५० फेरे), १२ इंच व्यासापर्यंतचं काम बसतं. आल्यापासून सगळ्यांना त्याच्यावर काहीतरी करायचंय, आणि येतं फक्त मला आणि आणखी एका सदस्याला.
रविवारी शिकवणी सुरू करावी म्हणतोय. मतभेद इथेच आहे. माझं म्हणणं, पहिल्या दिवशी माणूस काहीतरी तयार वस्तू घेऊन घरी गेला पाहिजे. लाटणं घ्या, रोजच्या वापरातलं आहे, लाकूड थोडं लागतं. दुसऱ्या सदस्याचं म्हणणं, आधी धार लावायला शिकवायची, मग नुसता कीस काढायला, वस्तूचं नंतर बघू.
दुसरी अडचण : लेथ एक, शिकणारे सहा. एकाचा हात चालू असताना पाच जणांनी काय करायचं?
शिकलेल्यांनी, शिकवलेल्यांनी आणि नुसतं बघितलेल्यांनीही लिहा.

सई_तळजाई
पहिल्या दिवशी हातात काही पडलं नाही तर दुसऱ्या रविवारी मी येणार नाही. इथे खोटं कशाला बोलू.
बाकी मला यायचंय. फी किती आणि ओढणी चालते का?

मायक्रॉन
सई, ओढणी चालत नाही. ओढणी, जानवं, लोंबणारं मंगळसूत्र, लांब बाह्या, सोडलेले केस, यातलं काहीच फिरत्या शाफ्टजवळ चालत नाही. फीचं त्यांना विचार.
खटपट्या, मी चिंचवडच्या कारखान्यात आयुष्य काढलं. आयटीआयचा टर्नर, दोन वर्षांचा कोर्स. आम्हाला सुरुवातीला मशीनला हात लावू देत नसत. लोखंडाचा तुकडा व्हाइसमध्ये धरायचा आणि गुण्यात (काटकोनात) बसेपर्यंत कानस मारायची. रडायला यायचं. पण मशीनवर गेल्यावर कुणाची बोटं गेली नाहीत. तुमच्या त्या दुसऱ्या सदस्याचं बरोबर आहे. ज्याला धार कळत नाही त्याच्या हाती हत्यार देऊ नये.

कांदेपोहे
लाटणं करून घरी नेणार म्हणजे घरच्यांच्या हाती शस्त्र देणार. विचार करा.

सई_तळजाई
@कांदेपोहे : हा विनोद दूरदर्शन कृष्णधवल होतं तेव्हाचा आहे.

तळ्याकाठी
मिनेसोटात असते. इथे सेंट पॉलमध्ये अमेरिकन असोसिएशन ऑफ वुडटर्नर्सचं मुख्यालय आहे. १९८६ ची संस्था, गावोगावी शाखा. मी त्यातल्या एका शाखेची सभासद आहे, अलीकडे नवशिक्यांना शिकवतेही.
मायक्रॉन काका, शिस्तीबद्दल पूर्ण सहमत, पण धातूचा लेथ आणि लाकडाचा लेथ यांची तुलना जरा जपून करावी लागेल. तुमचं हत्यार टूलपोस्टमध्ये घट्ट बांधलेलं असतं, चाक फिरवलं की तेवढंच पुढे जातं. आमचं हातात असतं, खाली फक्त टेकू. इंजिनियर मंडळी क्लबात आली की पहिली सवय दिसते ती हत्यार आडवं, ताठ धरून लाकडात ढकलायची. लाकूड कापलं न जाता खरवडलं जातं, तंतू उपटले जातात, आणि हत्यार रुतलं की जो झटका बसतो तो थेट मनगटात.
आमच्याकडे तीन पायऱ्या घोकून घेतात. हत्याराचा दांडा आधी टेकूवर. मग धारेमागचा उतार फिरत्या लाकडावर नुसता टेकवायचा, या वेळी काहीच कापलं जात नाही. मग मूठ हळूहळू वर उचलायची, की धार लाकडाला भेटते आणि कीस सुटायला लागतो. उतार टेकलेला राहिला तर हत्यार स्वतःहून आत घुसू शकत नाही. न्हाव्याचा वस्तरा गालावर जसा निजवून चालतो, उभा धरत नाहीत, तसं.
एवढं एक कळलं की निम्मं काम झालं. आणि ते बोथट हत्याराने कळतच नाही. म्हणून धार हवीच. फक्त ती पहिल्या दिवशी शिकवणाऱ्याने लावून ठेवायची, शिकणाऱ्याने नव्हे. धार कशी असते हे हाताला आधी कळू दे, मग ती लावायची कशी हे शिकायची भूक आपोआप लागते.

मायक्रॉन
@तळ्याकाठी : वस्तऱ्याचं पटलं. ताठ धरायची सवय जाणार नाही हेही खरं असेल. पण शिकवणाऱ्याने सहा जणांची धार लावत बसायचं आणि शिकणाऱ्यांनी ती घालवायची, हे किती रविवार चालेल? सामाईक हत्यार म्हणजे कुणाचंच नसलेलं हत्यार. कंपनीत टूलरूमला टोकन द्यावं लागे, तरी बोथट ड्रिल परत यायचे.

खटपट्या
मायक्रॉनसाहेब, इथेच तर घोडं पेंड खातंय. आमच्या पटाश्यांची अवस्था आत्ताच बघवत नाही, कुणीतरी रंगाचा डबा उघडायलाही वापरली आहे एक.

चितारआळी
सावंतवाडीचा. घरात हेच काम.
तुम्ही धार आधी की वस्तू आधी म्हणताय, आमच्यात दोन्ही नव्हतं. पोर आधी नुसतं शेजारी बसायचं. मग त्याला पॉलिश पेपर मारायला द्यायचे, मग रंग, लाख. हत्यार हातात यायचं ते शेवटी, आणि तेसुद्धा कुणी 'ये शिकवतो' म्हणून नाही. मोठा माणूस जेवायला उठला की मागे लाकूड फिरवून बघायचं. 'हात बसाक होयो' एवढंच ऐकायला मिळायचं.
जुनी माणसं सांगतात तो लेथ मोटरचा नव्हताच. जमिनीवर बसून काम, एकजण दोरी ओढणार, दुसरा कातणार. दोरी पुढे-मागे ओढली जाते तसं लाकूड एकदा इकडे, एकदा तिकडे फिरतं, त्यामुळे कापायचं एकाच फेऱ्यात, उलट्या फेऱ्यात हत्यार जरा मागे. पायाचा उपयोग हाताइतकाच, हत्यार सावरायला. आता घरोघर मोटर आली, आणि दोन माणसांचं काम एक माणूस करतो.
लाखेचं काम शिकवा, लोकांना फार आवडतं. लाखेची कांडी फिरत्या लाकडावर दाबायची. घर्षणाने लाकूड तापतं, लाख वितळते आणि चढते. मग केवड्याचं सुकलेलं पान दाबून फिरवायचं, रंग सारखा पसरतो आणि वर जी चकाकी येते ती कुठल्याही डब्यातल्या वॉर्निशने येत नाही. ब्रश नाही, वाळायची वाट बघणं नाही. लाख म्हणजे पळस, बोर, कुसुम या झाडांवरच्या किड्यांची, हे पोरांना सांगितलं की डोळे मोठे होतात.
लाकूड आमच्याकडे पांगारा. हलका, मऊ, खेळण्यातली फळं त्याचीच. कर्नाटकातले चन्नपट्टणचे खेळणीवाले वापरतात तो आपला काळा कुडा, पांढराशुभ्र, बारीक कणाचा, लाख त्याच्यावर सुरेख बसते. दोन्ही झाडं आता सहज मिळत नाहीत हे वेगळं.
तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर : लाटणं नको, भोवरा.

पेठकर
भोवरा! _/\_
आमच्या लहानपणी भोवरे मंडईजवळ मिळायचे, लाखेचे पट्टे असलेले. जाळी गुंडाळून 'कोच्या' मारायचो. दुसऱ्याच्या भोवऱ्याला आर लागून कपची उडाली की दिवस सार्थकी.

खटपट्या
@चितारआळी, सविस्तर लिहिल्याबद्दल मनापासून आभार. पण लाटणं का नको? सरळ दंडगोल तर आहे.

चितारआळी
सरळ आहे म्हणूनच. भोवऱ्यात कुठे जरा फुगलं, जरा दबलं तर आकार म्हणून खपतं. लाटण्यात खपत नाही. तेरा-चौदा इंच लांब, सव्वा इंच जाड काठी मधोमध दाबली की लवते, थरथरते, अंगावर दोऱ्यासारखे आटे उमटतात. मग नवशिका काय करणार, पॉलिश पेपर घेणार आणि अर्धा तास घासणार. तो कातायला शिकला नाही, घासायला शिकला.
भोवरा आखूड, जाड. थरथरत नाही. आणि बरोबर झाला की नाही ते मास्तरने सांगावं लागत नाही, जमिनीवर टाकला की कळतं.

सई_तळजाई
पण लाटणं सरळ कुठे असतं? माझ्या सासूबाईंचं मधे किंचित फुगीर आहे आणि पोळी त्याच्यावरच गोल फिरते. आईकडचं अगदी सरळ, तिथे मला पोळी फिरवता येत नाही.

आजीचा_डबा
सई +१. पुरणपोळीला तर फुगीरच बरं. आणि मुठी बारीक हव्यात. बाजारातली आजकालची लाटणी म्हणजे दांडकी, हाताला खड्डे पडतात.

पेठकर
फुगीर लाटण्याने पोळी मधे पातळ होते आणि कडा जाड राहतात. सरळच हवं. हा वाद आमच्या घरी तीन पिढ्या चाललाय.

कांदेपोहे
धागा पाककृती विभागात हलवावा.

नाककानघसा
डॉक्टर आहे, म्हणून रसभंग करते. चितारआळी यांनी 'अर्धा तास घासणार' लिहिलं, तिथे थांबूया.
कीस निघतो तो खाली पडतो, दिसतो, झाडता येतो. पॉलिश पेपरची धूळ हवेत तरंगते आणि फुप्फुसात जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली लाकडाची धूळ पहिल्या गटात टाकली, म्हणजे माणसात कर्करोग होतो याचा पुरेसा पुरावा आहे असा गट. मुख्यतः नाक आणि नाकालगतच्या पोकळ्या. एखाद्या रविवारी घासलं म्हणून उद्या काही होत नाही, हा वर्षानुवर्षं रोज धुळीत काम करणाऱ्यांचा आजार आहे. पण शिकवणारा दर रविवारी तिथेच असणार ना? शिवाय शिसवीच्या धुळीची ॲलर्जी, दमा, त्वचेवर पुरळ हे फार लवकर दिसतं, आणि एकदा शरीराने मनावर घेतलं की नंतर थोड्या धुळीनेही त्रास होतो.
नाकाला रुमाल बांधणं म्हणजे मनाचं समाधान. एन-९५ हवा, चेहऱ्याला नीट बसलेला. दाढीवाल्यांना तो नीट बसत नाही. आणि चष्मा पुरेसा नाही, पूर्ण चेहऱ्याची पारदर्शक ढाल घ्या.

पेठकर
हातमोजे?

नाककानघसा
सांगा हो मायक्रॉन.

मायक्रॉन
हातमोजे अजिबात नाही. मोज्याचा धागा अडकला तर मोजा एकटा जात नाही.
आणखी : तेल लावायला फडकं वापरू नका, टिश्यू पेपर वापरा, अडकला तर फाटतो. पॉलिश पेपर बोटाला गुंडाळायचा नाही. घासताना टेकू काढून ठेवायचा, नाहीतर बोट लाकूड आणि टेकूच्या मधे जातं. टेकू सरकवायचा तो मशीन बंद करूनच. आणि चालू करण्याआधी लाकूड हाताने एक पूर्ण फेरा फिरवून बघायचं, कुठे आपटत नाही ना. चालू करताना लाकडाच्या समोर उभं राहायचं नाही, बाजूला.
हे भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहा. मराठीत.

तळ्याकाठी
काकांनी सगळं लिहिलं. एक भर. जाड गोल पटाशी, जी चौकोनी लाकडाचं गोल करायला वापरतात, ती वाडग्याच्या कामाला कधीही नाही. तिचा दांडा मुठीत शिरतो तिथे बारीक, चपटा असतो. वाडग्यात तंतू आडवे-उभे येतात, झटका बसला तर तो तिथेच मोडतो. आणि जुन्या कानशीला धार लावून पटाशी करायची आपल्याकडे फार हौस. कानस कडक आणि ठिसूळ, वाकत नाही, तुटते, तीही तोंडाकडे. तुमच्या कपाटात अशी असेल तर आजच भंगारात घाला.
वेगाचा हिशोब : व्यास इंचात गुणिले मिनिटाचे फेरे, उत्तर ६००० ते ९००० च्या मधे. सहा इंचाच्या तुकड्याला १००० ते १५००. हे गोल झालेल्या लाकडाचं. ओबडधोबड तुकडा याहून हळू. तुमचा सगळ्यात कमी वेग ७५० आहे म्हणजे दहा इंचाचा कच्चा ओंडका त्याच्यावर चढवूच नका, मशीन टेबलासकट चालायला लागेल. भोवरा अगदी योग्य.

खटपट्या
कानशीच्या दोन आहेत. काढतो.

जुना_वाडा
अवांतर होईल, पण कातीव काम म्हटल्यावर राहवत नाही. वाड्यातल्या पाळण्याच्या दांड्या, देव्हाऱ्याचे खांब, झोपाळ्याच्या कड्यांखालचे लट्टू, हे सगळं कातारी लोकांचं. तबल्याचं खोड कातलेलं. तानपुऱ्याच्या खुंट्या कातलेल्या. मिरजेचे शिकलगार मूळचे तलवारी-भाल्यांना धार लावणारे. हत्यारांचा जमाना गेला तसे एकोणिसाव्या शतकात तंतुवाद्यांकडे वळले आणि मिरजेचा तानपुरा देशभर गेला. तेव्हा धार आधी की वस्तू आधी, तर मिरजेपुरतं उत्तर मिळालेलं आहे : धार आधी.

मायक्रॉन
वा! हे माहीत नव्हतं. वाचनखूण साठवली.

मेलबर्नकर
इथे ऑस्ट्रेलियात 'मेन्स शेड' नावाचा प्रकार आहे. व्हिक्टोरियातल्या टोंगाला गावात १९९८ साली या नावाची पहिली शेड सुरू झाली, २००७ मध्ये देशभराची संघटना. निवृत्त पुरुष एकटे पडतात, डॉक्टरकडे जात नाहीत, मन मोकळं करत नाहीत. समोरासमोर बसवलं तर बोलत नाहीत, खांद्याला खांदा लावून काहीतरी ठोकत बसले की बोलतात. कल्पना एवढीच. लेथ जवळपास प्रत्येक शेडमध्ये असतो. आमच्या शेडमध्ये बायकाही येतात, नाव तेच राहिलंय.
खटपट्या, आमच्याकडे प्रत्येक यंत्राची वेगळी परवानगी लागते. वहीत तुमच्या नावापुढे 'लेथ' या रकान्यात जाणत्या सदस्याची सही नसेल तर बटण दाबायचं नाही, मग तुम्ही बाहेर कितीही मोठे इंजिनियर असा. सही मिळायला परीक्षा वगैरे नाही. त्याच्यासमोर एक काम करायचं, आणि शेवटी हत्यार धार लावून जागेवर ठेवायचं. धार लावता आली नाही तर सही नाही.
आणि शेडच्या हत्यारांना लाल टेपची मूठ, वैयक्तिक हत्यारांना कुठलीही. लाल मुठीने डबा उघडताना दिसला की सगळे ओरडतात.

खटपट्या
@मेलबर्नकर हे फार कामाचं आहे. वही उद्यापासून. म्हणजे धार शिकायचीच, पण ती आत शिरायची अट नाही, एकट्याने काम करायची अट. आमच्या दोघांचं भांडण असंच मिटावं.

चिल्टर्नचा_बाळू
लेथ एक आणि माणसं सहा, याच्याकडे कुणी वळलंच नाही. मी इंग्लंडात हाय विकमजवळ राहतो. इथल्या बीचच्या जंगलात पूर्वी 'बॉजर' लोक खुर्च्यांचे पाय कातायचे. जंगलातच झोपडं, तिथेच झाड पाडायचं, ओलं असतानाच फाळून कातायचं आणि तयार पाय विकमच्या खुर्ची कारखान्यांना विकायचे. त्यांचा लेथ म्हणजे दोन खुंट, वर एक लवचिक लांब फांदी, तिला दोरी, दोरीचा एक वेढा लाकडाला आणि खाली पायाची फळी. पाय दाबला की लाकूड तुमच्याकडे फिरतं, सोडला की फांदी ते उलट फिरवते. चितारआळी म्हणतात तेच, एका फेऱ्यात कापायचं.
हा लेथ फळ्यांचे तुकडे, दोन बोल्ट आणि सायकलच्या ट्यूबचे वेढे (फांदीऐवजी) यातून होतो. मोटर नाही, पाय उचलला की लाकूड थांबतं. ओल्या लाकडाची धूळ होत नाही, कीसच निघतो, त्यामुळे डॉक्टरीणबाईही खूश. बोथट हत्याराने चालवलं की पाय दुखतो, त्यामुळे धारेची किंमत पहिल्या दहा मिनिटांत कळते, मायक्रॉनसाहेबही खूश. असे तीन बनवा. एक जण मोटरवर, तीन जण पायावर, उरलेले दोघे धारेच्या चाकावर.

सई_तळजाई
हे मला मोटरपेक्षा आवडलं. घरी गच्चीत होईल का?

चिल्टर्नचा_बाळू
होईल. खालच्या मजल्यावर कोण राहतं त्यावर आहे.

वखार_चौकशी
ओलं लाकूड पुण्यात कुठून आणणार? वखारीत सगळं कापून वाळलेलं.

जुना_वाडा
पावसाळ्यात पडलेल्या फांद्या. पण रस्त्यावरचं उचलून चालत नाही. १९७५ चा वृक्षसंवर्धनाचा कायदा आहे, झाड पाडायचं किंवा छाटायचं तर महापालिकेची परवानगी. पडलेल्याचंही उद्यान विभागाला रीतसर विचारा. सोसायटीने परवानगी काढून छाटणी केली असेल तर त्यांना तो पसारा नकोच असतो, तिथून मिळतं.

तळ्याकाठी
रेन ट्री मिळाला तर सोडू नका. गर गडद तपकिरी, कडेचं लाकूड पिवळसर. हवाईत याच झाडाचे वाडगे 'मंकीपॉड' म्हणून पर्यटकांना विकतात आणि आपण तो जाळतो.
ओल्या लाकडाचा वाडगा दोन खेपांत करायचा. पहिल्या खेपेला भिंत व्यासाच्या दहावा हिस्सा जाड ठेवायची, दहा इंची वाडग्याला एक इंच. मग टोकाच्या तंतूंवर मेण फासून, त्याच्याच किसात कागदी पिशवीत महिनोन्महिने ठेवायचा. अधूनमधून वजन करायचं, वजन उतरायचं थांबलं की वाळला. तोवर तो लंबगोल झालेला असतो, जाडी ठेवलेली असते म्हणून पुन्हा गोल करता येतो. सागाचं एक लक्षात ठेवा, त्यात सिलिका असते, धार भराभर जाते. शिकायला हेदू मिळाला तर उत्तम, पूर्वी गिरणीच्या बॉबिन त्याच्या होत.

वखार_चौकशी
आभार. लाटण्याला तेल कुठलं लावायचं? अळशीचं ऐकलंय.

तळ्याकाठी
अळशीचं चालतं. खाण्याचं, कच्चं घ्या. रंगाच्या दुकानात 'डबल बॉइल्ड' मिळतं त्यात लवकर वाळावं म्हणून इतर द्रव्यं असू शकतात, ते कणकेला नको.
आणि हे नीट वाचा : अळशीच्या तेलात भिजलेले कागद, फडकी चुरगळून कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. हे तेल वाळतं म्हणजे हवेतल्या ऑक्सिजनशी त्याचा संयोग होतो, त्यात उष्णता निघते, आणि ढिगात ती बाहेर जाऊ शकत नाही. आपोआप पेट घेतं. १९९१ मध्ये फिलाडेल्फियातली वन मेरिडियन प्लाझा नावाची ३८ मजली इमारत अशाच फडक्यांवरून पेटली आणि अग्निशमन दलाचे तीन जवान गेले. उलगडून बाहेर वाळत घाला किंवा पाण्याच्या डब्यात बुडवा.

आजीचा_डबा
बापरे. आमचा रंगारी तर फडकी पोत्यात भरून जिन्याखाली ठेवतो!

चितारआळी
एक बोलायचं होतं, कुणाला लागलं तर राहू द्या. शहरात दोन दिवसांच्या 'वर्कशॉप'ची फी ऐकली की आमच्या आळीत लोक हसतात. आमचा माणूस लाकडी फळांची परडी विकतो तेव्हा गिऱ्हाईक घासाघीस करतं आणि तेच गिऱ्हाईक शहरात एक वाकडा वाडगा स्वतः करायला हजारो देतं. हौसेला मोल आहे, चांगलं आहे. पण मग शिकवायला आमच्यातला माणूस बोलवा की. आणि बोलावलं तर शाल-श्रीफळ नको. तिकीट, राहणं आणि दिवसाची मजुरी, तीही आधी ठरवून. कार्यक्रम झाल्यावर 'आपली ही लोककला' म्हणून भाषण ठोकून रिकाम्या हाती परत पाठवलेले आमच्याकडे बरेच आहेत.

पेठकर
खणखणीत. पूर्ण अनुमोदन.

कांदेपोहे
यावर विनोद नाही. अनुमोदन.

मायक्रॉन
अनुमोदन, पण उलट बाजूही सांगतो. उत्तम कारागीर उत्तम शिकवेलच असं नाही. आमचे वस्ताद डोळे मिटून आटे पाडायचे, विचारलं 'कसं?' तर म्हणायचे 'असं'. लहानपणापासून हात बसलाय, तो काय करतो हे त्यालाच कळत नाही. तेव्हा कारागिराने करून दाखवावं आणि शेजारी कुणीतरी 'आता उतार टेकला, आता मूठ वर गेली' असं बोलावं.

चितारआळी
हे मान्य. माझे काका हत्यार कसं धरतात हे मला मोबाईलवर चित्रीकरण करून सावकाश बघितल्यावर कळलं. त्यांना दाखवलं तर म्हणाले, 'मी असा धरतंय?'

खटपट्या
मंडळी, बरंच हाती लागलं. सध्या असं ठरतंय : पहिली वस्तू भोवरा, धार आमच्याकडून लावलेली. लाटणं तिसऱ्या-चौथ्या खेपेला, फुगीर की सरळ ते ज्याने त्याने घरी विचारून यावं. एकट्याने लेथ चालवायला वहीत सही, आणि सहीसाठी धार लावता आली पाहिजे. बाळूभाऊंचा पायाचा लेथ आधी एक करून बघतो, जमला तर आणखी दोन. वर्गणीतून ढाली आणि मास्क. चितारआळी, तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय, दिवसाचा दर तुम्हीच सांगा. घासाघीस करणार नाही.
एक प्रश्न उरला. धारेला आमच्याकडे साधा बेंच ग्राइंडर आहे, करडी चाकं. चालेल?

तळ्याकाठी
पटाश्या हायस्पीड स्टीलच्या असतील तर पांढरं ॲल्युमिनियम ऑक्साइडचं चाक घ्या. करड्या चाकावर धार तापते. साध्या कार्बन स्टीलची धार निळी पडली की तिचं पाणी उतरलं, म्हणजे कडकपणा गेला, हायस्पीड एवढी नाजूक नाही. ग्राइंडर किती फेऱ्यांचा?

खटपट्या
पाटीवर २८५० लिहिलंय.

मायक्रॉन
नवशिक्यांच्या हातात तो देऊ नका, डोळ्याचं पातं लवेपर्यंत निम्मी पटाशी जाईल. १४४० चा घ्या. आठ इंची चाकाचा मिळाला तर बरं, उतार जास्त खोलगट होत नाही. एका ओळखीच्याकडे पडून आहे, विचारतो.
रविवारी चक्कर मारेन म्हणतो. हेडस्टॉक (लाकूड फिरवणारी बाजू) आणि टेलस्टॉक (समोरचा आधार) यांची टोकं एकमेकांना भिडतात का ते आधी बघायला हवं, जुन्या यंत्रात हटकून सरकलेली असतात. दोन्हीकडे दोन नंबरचा मोर्स टेपर (सेंटर बसवायचं ठराविक मापाचं निमुळतं भोक) आहे ना, तेवढं बघून कळवा, त्याप्रमाणे सेंटर, म्हणजे लाकूड धरणारी टोकं, घेऊन येतो.

सई_तळजाई
मी येतेय. ओढणी न घेता. फी अजून कुणी सांगितली नाही!